बेवारस मोहाखाली

१

मोह वेचायचा तर वाकावं लागतं, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. चार पायांचं काहीतरी चरतंय असं वाटतं. म्हणून कोसमटोल्याच्या बाया मधूनमधून उभ्या राहतात, खाकरतात, पलीकडच्या झाडाखालच्या बाईला हाक मारतात, आणि तिची ओ आली की पुन्हा वाकतात. पिढ्यान्‌पिढ्यांची ही भीती आता एका चकचकीत कागदावर 'पर्यटकांसाठी पहाटेची मोहवेचणी, चहासह' अशी छापून आली होती.

त्या कागदाची परीक्षा घ्यायला रश्मी आली होती. देशोदेशीच्या पाहुण्यांनी हॉटेल सोडून खेड्यात राहावं म्हणून केंद्र सरकारनं 'गावमुक्काम' योजना काढली होती. गावं निवडण्याचं काम दिल्लीतल्या एका सल्लागार कंपनीकडे होतं, आणि व्याघ्र प्रकल्पाच्या कडेचा हा पट्टा कंपनीनं रश्मीला दिला होता. भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या कॉलनीत वाढलेली पोर. या भागाची बोली तिला परकी नव्हती. एक खोड मात्र होती. माणूस भेटला की ती मनातल्या मनात त्याचं खातं उघडायची. एका बाजूला तो दाखवतो काय, दुसऱ्या बाजूला झाकतो काय. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर तिला झोप लागत नसे.

तिच्यापुढे दिव्यानी चालत होती. रश्मी ज्या घरी उतरली होती त्या बापूरावांची सून. तोंड बोलत होतं, डोळे झाडीत होते.

"हा मोह गुणाबाईचा. हा आमचा. अन् मचानाच्या वाटेवरचा हा मोठा, हा गिरजा आत्याबाईचा. माया सासऱ्याची बहीन. बापानं तिले आंदणात देल्ला. जमीन भावाले, मोह बहिनीले."

झाडांखालचा पाचोळा जाळून जमीन काळी स्वच्छ केलेली होती आणि तिच्यावर पहाटेपर्यंत टपकलेली रसरशीत फुलं पसरली होती.

"अन् तो?" रश्मीनं वाटेच्या दुसऱ्या, मचाणापासून लांबच्या टोकाला बोट दाखवलं. त्या झाडाखाली ढोपरभर पाचोळा होता.

"तो बेवारस. त्या घरचे माजरीच्या खाणीत कामाले गेले अन् तिकडचेच झाले. त्याच्याखाली कोनी झाडत नाई, कोनी वेचत नाई."

कोणी वेचत नाही त्या झाडाखाली एक टोपली होती. टोपलीपलीकडे पांढरा सदरा पालथा पडला होता, आणि सदऱ्यावर मोहाची फुलं.

दिव्यानी खाकरली. मग तिनं हाक मारली. ओ आली नाही.

मानेत दोन खोल भोकं होती. दिव्यानीनं तोंडात पदर कोंबला आणि त्यातूनच बोलली, "मामाजी... आत्याबाईचे घरवाले."

गुणवंतराव, गावच्या पर्यटन समितीचे अध्यक्ष. आदल्या संध्याकाळी याच माणसानं रश्मीला वाघीण दाखवली होती.

२

माणसं धावत आली, ती दुरूनच थांबली. वाटेच्या फुफाट्यात पंजाचे ठसे होते, ताटलीएवढे. वनरक्षक इतवारी गुडघ्यावर बसला आणि बसल्या बसल्या त्यानं मागे वळून पाहिलं.

"तेच हाये," तो कुजबुजला. "मचानावाली वाघीन."

त्यानंतर गावात कोणी मोठ्यानं बोललं नाही. गुरं सुटली नाहीत. पोरं घरात कोंडली गेली. हंगाम ऐन भरात आणि झाडांखाली फुलं तशीच सडत पडणार होती. मृतदेह चंद्रपूरला गेला. पकडपथक संध्याकाळपर्यंत येणार, वाघिणीला बेशुद्ध करून जन्मभराच्या पिंजऱ्यात नेणार, असं इतवारीनं सांगितलं. आणि कोसमटोल्याचं नाव यादीतून जाणार, हे कोणी न सांगता सगळ्यांना कळलं. आठ घरांनी पाहुण्यांसाठी खोल्या सारवल्या होत्या. त्यातली एक गुणवंतरावांचीच.

दिल्लीहून फोन आला. "संध्याकाळपर्यंत काय ते कळवा," साहेब म्हणाले. "वाघानं माणूस मारला असेल तर गाव रद्द. पलीकडचं घेऊ."

गिरजाबाई ओसरीवर बसून होती. रडणं आत कुठंतरी अडकलं होतं. भोवतीच्या बायांना ती एकच वाक्य सांगत होती. "पहाटेस उठले, टोपली घेतली अन् गेले. मी म्हनलं, उजाडू द्या. नाई ऐकलं."

भाऊ बापूराव तिच्या पाठीवर हात ठेवून बसला होता. दणकट, हसरा म्हातारा. काल रात्री जेवताना रश्मीला दर घासाला हसवणारा. आज तो आणखीच प्रेमळ झाला होता. "बाई, तुम्ही भेवू नोका. माया घरी दार मजबूत हाये. आता कुठी एकट्या जाजो नोका."

रश्मीनं मान हलवली. पण तिच्या मनातलं खातं जुळत नव्हतं.

सकाळी त्या झाडाखाली तिनं तीन गोष्टी पाहिल्या होत्या. मोह टपकतो तो मध्यरात्र उलटल्यावर. गुणवंतराव पहाटे गेले असतील तर अंगाखाली ताजी फुलं हवीत. मृतदेह उचलला तेव्हा खाली नुसता पाचोळा आणि आधीच्या दिवसांची सुकी फुलं निघाली. सभोवती ताज्या फुलांचा सडा, अंगावर सडा, आणि खाली माणसाच्या आकाराची कोरडी जागा. टोपलीतली फुलं आखडलेली, तपकिरी, आदल्या दिवशीची. आणि वाघिणीचे ठसे? वाटेवर पडलेली ताजी फुलं त्या पंजांखाली चिरडून मातीत रुतली होती.

म्हणजे आधी माणूस पडला. मग फुलं पडली. वाघीण सगळ्यात शेवटी आली, मेलेल्या माणसाजवळ उभी राहिली, आणि न शिवता निघून गेली.

 सकाळपासून ती जंगलाकडे पाहून घाबरत होती. भ्यायचं असेल तर गावाकडे पाहून भ्यायला हवं होतं.

३

मारणाऱ्यानं फुलं पडायच्या आत, मध्यरात्रीपूर्वीच मृतदेह ठेवला होता. गुणवंतरावांचं वाईट चिंतणारं कोण होतं, असं तिनं इतवारीला आडून विचारलं.

"वाईट कोन चिंतत नाई बाई अध्यक्षाचं?" इतवारी म्हणाला. "पन भांडन म्हनान तर दोघायशी. रिसॉर्टवाला संघपाल अन् आपला प्रवीण."

संघपाल जंगलाच्या गेटच्या रस्त्यावरच्या रिसॉर्टचा व्यवस्थापक. तोही भद्रावतीचाच, रश्मीच्या कॉलनीतला.

"ये वं रश्मी," तो म्हणाला. "माही चौकशी कराले आली का? कर. गुणवंतराव माह्यावर खार खाऊन होते, खरं हाये. मी म्हनलं होतं, तुमच्या आठ खोल्या आमाले चालवाले द्या. ते म्हनाले, मंग आमी काय, दारात उभं राहून नाचाचं का?"

"काल संध्याकाळपासून कुठी होता?"

"इथीच. नागपूरचं लग्नाचं वऱ्हाड होतं, अर्ध्या रातीपर्यंत त्यायचा डीजे बंद पाडत. साऱ्या गेटनं पाह्यलं." मग त्याचा आवाज उतरला. "खरं सांगू का? वाघानं मानूस नेला म्हनलं की तुमच्या खोल्यायसोबत माह्याबी खोल्या खाली. सकाळपासून बुकिंग कॅन्सल होऊन राह्यले. वाघाच्या नावानं मारून मले काय भेटन?"

हे खातं जुळलं.

प्रवीण जिप्सीला टेकून उभा होता. पर्यटकांना जंगल दाखवायचं काम त्याचं. वाघ दिसला की तो पर्यटकांहून मोठ्यानं ओरडायचा, म्हणून गुणवंतरावांनी त्याला घरी बसवलं होतं.

"बाप्पा! ओरडल्यानं कोनी खून करते का?" तो म्हणाला आणि आपण कोणता शब्द वापरला ते कळून पांढरा पडला. "म्हनजे... तुमी तसं इचारून राह्यल्या म्हनून."

"कालपासून होता कुठी?"

"चिमूरले, गाडीचं काम कराले. आज सकाळी आलो. सोबत मिस्त्री होता, त्याले इचारा." तो जरा थांबला. "पन एक सांगू का बाई? मी इथी लहानाचा मोठा झालो. उन्हाळ्यात ते वाघीन नाल्याकडे राहाते. मचानाच्या पानवठ्यावर ते कधी नाई ये. या चार-आठ दिसात काऊन येऊन राह्यली, तेही टाइमावर, मलेबी समजत नाई."

रश्मीला काल संध्याकाळचं मचाण आठवलं. वाघीण अगदी पाहुण्याला बोलावल्यासारखी आली होती. तिनं फोटो काढला, अंगावर काटा आला, दिव्यानीनं आनंदानं तिचा हात दाबला. वाघीण निघून गेल्यावर दोघी जिप्सीनं गावात परतल्या होत्या. मागे राहिले होते दोन पुरुष, फाटकाला साखळी लावायला म्हणून. एक गुणवंतराव.

दुसऱ्याच्या घरी तिची बॅग होती.

४

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. आणि एक गोष्ट अडत होती. पहाटे मोह वेचताना मेला असं भासवायचं, तर मचाणापासून सगळ्यात जवळचं झाड गुणवंतरावांच्याच घरचं होतं. झाडलेलं, फुलांनी भरलेलं. तिथं ठेवलं असतं तर कोणाला शंकाही आली नसती. ते सोडून कोणी वेचत नाही अशा झाडापर्यंत एवढं ओझं का ओढायचं?

गुणाबाई दाराच्या फटीतून वाट पाहत होती. म्हातारीला बोलायला निमित्त लागत नव्हतं, फक्त ऐकणारा लागत होता.

"नशीब म्हना वं, बेवारस मोहाखाली गेला," ती म्हणाली. "नाईतर एका घराचं झाड गेलं असतं."

"झाड कसं जाते बाई?"

"ज्या झाडाखाली वाघानं मानूस पाडला, ते झाड मंग वाघोबाचं. तिथी खांब रोवतेत, शेंदूर लावतेत. त्या घरानं पुन्हा एक फूल उचलाचं नाई. पोरापासून नातवापर्यंत नाई. माया मावशीचे दोन मोह गेले तसे."



संघपालला हे ठाऊक असतं तरी त्याला काय पडली होती? परक्या माणसानं जवळचं झाड धरलं असतं. गावच्या वैऱ्यानं मुद्दाम गुणवंतरावांचं झाड धरलं असतं. माणूसही गेला असता आणि मोहही. ज्यानं हे केलं त्याला त्या माणसाचा जीव घेता आला, पण ते झाड बाटवता आलं नाही. जमीन भावाले, मोह बहिनीले. ते झाड ज्याच्या बापानं आंदणात दिलं होतं, आणि ज्याच्या बहिणीला आता त्या झाडाशिवाय दुसरं काही उरणार नव्हतं, असा गावात एकच माणूस होता.

ती गिरजाबाईच्या ओसरीवर गेली. बाया पांगल्या होत्या. बापूराव सरपणाला गेला होता.

"बाई," रश्मी हळूच म्हणाली, "गुणवंतराव काल रात्री घरी आले नाई ना?"

गिरजाबाईनं मान वर केली नाही. "पहाटेस उठले, टोपली..."

"तुमची टोपली त्या खुंटीवर हाये."

गिरजाबाईनं खुंटीकडे पाहिलं. तिचे ओठ हलायचे थांबले.

"असं बोलाले कोनं सांगतलं तुमाले?" रश्मीनं विचारलं.

"भावानं." शब्द बाहेर पडला तसा तिनं तोंडावर हात दाबला. मग बोटांमधून: "म्हने, रात्री जंगलात होता म्हनलं तर शिकारीले गेला म्हनतीन. मेल्यावर नाव खराब कराचं का? माह्यासाठीच सांगत होता तो. माह्यासाठीच ना वं बाई?"

 थोड्या वेळानं गिरजाबाई उठली आणि तिनं पदर खोचला.

"चाला मचानावर. मले पाह्याचं हाये."

५

ऊन उतरायला लागलं होतं. पानवठ्याशी वारा पडला होता, आणि वास होता.

मचाणाच्या मागं, पर्यटकाला वरून दिसणार नाही अशा बेतानं, करवंदीच्या जाळीत गुराचं धूड दोरानं बांधलेलं होतं. खाल्लेलं, फाडलेलं. त्याखाली जुनी हाडं. शिडीची वरची पायरी तुटून लोंबकळत होती आणि खालचा दगड कोणीतरी मातीनं घासून घासून धुतला होता. दगडाला टेकून लोखंडी सब्बल, टोकदार पहार, उभी होती. तीही धुतलेली.

गिरजाबाईनं सगळं पाहिलं आणि काही न बोलता उरलेल्या पायऱ्यांनी मचाणावर चढली. ती वर पोचते न पोचते तोच जाळीपलीकडे पाचोळा वाजला.

रश्मीला वाटलं, वाघीण. तिनं जिवाच्या आकांतानं तसंच असावं अशी इच्छा केली.

"म्हनलं होतं ना, एकट्या जाजो नोका," बापूराव म्हणाला. खांद्यावर कुऱ्हाड होती. या भागात ती सगळ्यांच्याच खांद्यावर असते.

त्यानं वर पाहिलं नाही. वरून आवाजही आला नाही. रश्मीच्या मनात लखलखून गेलं: वर बसलेली बाई कोणाची? गेलेल्या नवऱ्याची, की उरलेल्या भावाची?

"भाऊ," ती म्हणाली. आवाज फाटत होता, पण थांबली तर संपलं हे तिला कळत होतं. "गुणवंतरावांना हे दिसलं. काल, आमी गेल्यावर. ते म्हनाले, मी बाईले सांगन."

"सकाळीच सांगन म्हने." बापूराव दगडाकडे पाहत होता. "अध्यक्ष ना तो! म्हने, वाघ काय शेळी हाये, खुट्याले बांधाले? आज मेलेलं ढोर खाईन, उद्या जितं मांगन. मी पाय धरले भाटव्याचे, घरच्या जावयाचे. तो शिडी चढून राह्यला होता, टॉर्च राह्यला म्हने वर. मी वढलं. नुसतं वढलं, बाई. दगडावर पडला."

"मंग मानेत सब्बल?"

त्यानं सब्बलीकडे पाहायचं टाळलं. 

"मेलाच होता," तो म्हणाला. "मेलाच असन."

माशा घोंघावत होत्या.

"तुमालेच पाह्यजे होता ना वाघ?" एकाएकी त्याचा आवाज चढला. "पोस्टरावर वाघ, कागदावर वाघ. पयल्या वर्षी साहेब आले, वाघ नाई दिसला, गाव नापास. आमच्या वाघीनीले काय ठाऊक दिल्लीचा टाइम? सुनेनं खोली सारवली, उश्या आनल्या, इंग्रजी शिकली वं ते पोरगी. मी काय पाप केलं? तिले जेवाले घातलं."

"अन् बहिनीचा मोह सोडून पुढं नेलं."

बापूराव पहिल्यांदा दचकला. कुऱ्हाड खांद्यावरून हातात आली. "ते तुमाले कोनं सांगतलं?"

"तुमीच. दुसरा कोनी असता तर जवळच्याच झाडाखाली ठेवता."

तो एक पाऊल पुढं आला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काल रात्री ताटात आग्रहानं वाढताना होती तीच माया होती, आणि ती माया पाहूनच रश्मी मागे सरली.

"भाऊ."

वरून. अगदी हळू, लहानपणी हाक मारावी तशी.

कुऱ्हाड थांबली. गिरजाबाई एकेक पायरी चाचपत खाली उतरली आणि दोघांच्या मधे येऊन उभी राहिली.

"बापाचं झाड वाचवलं तू," ती म्हणाली. "माया घरवाला नाई वाचवला गेला तुह्यानं?"

बापूराव जिथल्या तिथं बसला. कुऱ्हाड त्यानं बहिणीच्या पायाशी ठेवली, जपून, पातं दुसरीकडे करून.

६

पकडपथक गावाच्या वेशीवरून परतलं. बापूराव इतवारी आणि प्रवीणच्या मधे बसून जिप्सीतून पोलीस चौकीकडे गेला. दिव्यानी दारात उभी होती. तिच्यामागे खोलीत रश्मीची बॅग आणि नव्या उश्या.

दिल्लीचे साहेब खूश झाले. "म्हणजे वाघाचा दोष नाही? वा! मग घरगुती वाद लिहा आणि गाव पास करा. वाघिणीचा फोटो मिळालाय ना? मोहिमेच्या पहिल्या पानावर टाकू. मांसाबिंसाचं लिहायची काही गरज नाही."

रश्मीनं फोन छातीशी धरला आणि ओसरीवरच्या गिरजाबाईला ते जसंच्या तसं सांगितलं. न लिहिलं तर आठ घरी पाहुणे येतील, तिच्याही. लिहिलं तर कोसमटोला संपला, आणि पलीकडचं गाव ढोर शोधायला लागेल.

"तुमच्या घरी आता कोण कमावणार बाई? तुम्हीच सांगा, काय लिहू?"

गिरजाबाई उत्तर द्यायला तोंड उघडत होती, तेवढ्यात गोठ्यातली गुरं एकदम गप्प झाली. कुत्री शेपूट घालून चुलीपाशी आली. गावाच्या कडेला, मचाणाच्या वाटेवर, माकड खेकसलं, मग दुसरं, मग अलीकडचं.

दिवस मावळत होता. रोजची तीच वेळ. पानवठ्याजवळचं धूड मघाशीच वनखात्यानं उचलून नेलं होतं, आणि हे वाघिणीला कोणी कळवलं नव्हतं.

"ऐका," गिरजाबाई म्हणाली. माकडं आता आणखी जवळ ओरडत होती. "ते इकडंच येऊन राह्यली. जेवाले."

तिनं रश्मीला ओसरीवरून आत ओढलं, दाराला आतून अडसर घातला, दोन्ही हातांनी दाबून धरला, आणि मागं न पाहता म्हणाली, "लिवा बाई. सारं लिवा. लवकर लिवा."